पाणकर बाबांच्या बादल्या

पाणकर बाबांना मनातल्या मनात काही करताच येत नसे. आंघोळीला निघाले तरी मोठ्यानं सांगायचे, "म्या आंघोळीले जाऊन राहिलो हो." विळा आढ्याला खोचला की, "विळा आढ्याले हाय हो." आणि प्रत्येक सांगण्याच्या शेवटी एक ठरलेला प्रश्न, "ऐकलं का?" समोरून कोणी तरी "ऐकलं" म्हटल्याशिवाय हा माणूस जागचा हलत नसे. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे माय म्हणायचो, कधी रागात असली की मुद्दाम गप्प बसायची. मग बाबा हातात लोटा घेऊन अंगणात उभेच. शेवटी भिंतीपलीकडून मीच ओरडायची, "ऐकलं बाबा, ऐकलं, जा आता आंघोळीला." तेव्हा कुठे ते जायचे. पंधरा वर्षं मी त्यांची शेजारीण होते आणि एवढ्या काळात किती आंघोळींना मंजुरी दिली असेल ते देवाला ठाऊक.

ही सवय त्यांना कामातून लागली होती. आमचं गाव लाखांदूर तालुक्यातलं, तळ्याच्या पाण्यावर धान पिकवणारं. तळ्याचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी आणि किती वेळ सोडायचं हे पाहणारा माणूस म्हणजे पाणकर. हे काम बाबांच्या बापाकडून त्यांच्याकडे आलेलं. बाबा तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहायचे आणि तोंडाशी हात धरून ओरडायचे, "तोंडावरच्या बांधीत पानी सुटलं हो. सूर्य चिंचेवर येऊस्तोवर. ऐकलं का?" दूर कुठून तरी, गुडघाभर चिखलातून, कोणी तरी उत्तर द्यायचं, "ऐकलं." मगच बाबा पुढे निघायचे. पाणी गुपचूप द्यायचं नाही, गुपचूप तोडायचं नाही, हा त्यांचा एकच कायदा होता. त्यामुळे आमच्या गावात पाण्यावरून भांडणं झाली तरी पाणकर बाबांवरून कधी झाली नाहीत.

त्यांची स्वतःची बांधी पाटाच्या अगदी शेपटाला. एका साली पावसानं ऐन निसवणीच्या वेळी दगा दिला. लोंब्या पोटातून बाहेर यायच्या बेतात आणि बाबांच्या बांधीत भेगा. वरचं पाणी अर्धा तास जरी खाली वळवलं असतं तरी कोणी काही बोललं नसतं. पाळी दुसऱ्याची होती. बाबांनी त्याच्याच नावानं आरोळी दिली आणि घरी येऊन जेवायला बसले. त्या दिवशी मायनं त्यांचा जो उद्धार केला तो अर्ध्या गल्लीनं ऐकला. बाबा शांतपणे भात कालवत म्हणाले, "पानी खोटं बोलत नाही. ज्याच्या बांधीत गेलं त्याच्या बांधीत दिसते. मंग म्या कायले खोटं बोलू?" मायनं ताटात वरण जरा जोरातच ओतलं. त्या वर्षी त्यांनी विकतचे तांदूळ खाल्ले.

मी गावच्या शाळेत मास्तरीण. शाळेच्या आवारात चार झाडं होती, ती बाबांनी न सांगताच आपल्या अंगावर घेतली होती. वाळलेलं झाड बघून पुढे जाणं त्यांना जमतच नसे. पोरं पानांवर पाणी उडवताना दिसली की त्यांना थांबवायचे. "तू डोक्यावर पानी ओतून प्येतोस का रे? तोंडानं प्येतोस ना? झाडाचं तोंड खाली हाय. त्याले खालून दे." मग पोरांनाच खुरपं द्यायचे आणि मुळाशी आळं करून घ्यायचे. माझ्या निसर्गाच्या तासापेक्षा पोरांना हा तास जास्त आवडायचा. मला थोडा रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

मायला दुखणं लागलं ते एका हिवाळ्यात. आधी दाढ दुखते म्हणून तिनं लवंग धरली, मग तंबाखूची चिमूट धरली, मग गाल सुजला. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी जबड्याचा कॅन्सर सांगितला. आम्ही कोणी मोठ्यानं ते नाव घेत नव्हतो. बाबांनी मात्र एस.टी.तून उतरल्या उतरल्या पाराजवळ उभं राहून सांगून टाकलं, "हिले कॅन्सर झाला हो. ऐकलं का?" पारावरची माणसं खाली बघत राहिली. उत्तर कोणीच दिलं नाही. बाबा बराच वेळ तिथेच उभे राहिले, शेवटी मायनंच त्यांचा हात धरून त्यांना घरी आणलं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. मायला शेक द्यायचे, म्हणजे किरणांचे उपचार करायचे, म्हणून दोघांना दहा-दहा, बारा-बारा दिवस नागपूरला राहावं लागे. मायला स्वतःची चिंता नव्हती, तुळशीची होती. "माही तुळस मरन जी," एवढंच ती परत परत म्हणायची. मी पाणी घालीन म्हटलं तरी तिला पटेना, कारण मी एकदा तिचा मोगरा मारला होता. मग बाबांनी शाळेत येऊन माझ्याकडून रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या मागून नेल्या. त्या वर्षी शाळेच्या भिंती रंगवल्या होत्या आणि बादल्यांचा ढीग मागे पडला होता.

त्यांनी केलं ते असं. एक बादली दुसरीत बसवली. खालच्या बादलीत पाणी, वरचीत माती. वरच्या बादलीच्या बुडाला भोक पाडून त्यातून मायच्या जुन्या लुगड्याची पिळलेली चिंधी खाली पाण्यात सोडली, आणि बाजूनं एक नळी घातली, पाणी भरायला. देवापुढच्या दिव्यावरून त्यांना हे सुचलं होतं. वात तेल ओढते तशी ही चिंधी पाणी ओढायची आणि मातीला लागेल तेवढंच द्यायची. बारा दिवसांनी दोघं परत आली तेव्हा तुळस हिरवीगार. बाबांनी मला हाक मारून दाखवली. "पाय मास्तरीन, पानकर घरी नाही आन् पानी आपल्या मनानं चालू हाय." त्यांना इतकं खूश मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी ते आणखी बादल्या मागायला आले. बारा हव्या होत्या. मी विचारलं, "बाबा, आता काय, टमाटर लावता का?" ते बादल्या मोजत राहिले. बादल्यांत बादल्या घालून दोन चकरांत घेऊन गेले. तिथून त्यांचं मोठ्यानं बोलणंच बंद झालं. आंघोळीच्या आरोळ्या नाहीत, विळ्याचा पत्ता नाही, पाळीवरची हाकही खुंटली. पाणी सुटलं की आता ते ज्याच्या त्याच्या बांधीत जाऊन हळूच सांगायचे. गाव म्हणालं, बायकोच्या दुखण्यानं म्हातारा खचला. मीही तेच म्हणत होते. शहाणी समजायची ना मी स्वतःला.

श्रावणात दोघं नागपूरला गेली आणि चावी माझ्याकडे ठेवून गेली, तुळशीची नळी भरायला. मी घरामागच्या वाडीत, परसात, गेले. तुळस विहिरीजवळ होती. तिच्यापलीकडे, मातीच्या भिंतीच्या आडोशाला, ओळीनं सहा बादल्या आणि त्यांत सहा झाडं, माझ्या कमरेएवढी. हाताच्या बोटांसारखी कातर पानं. मी शिकलेली बाई, वर्तमानपत्र वाचणारी. चित्रं पाहिलेली होती. तिथेच विहिरीच्या काठावर मी बसून राहिले, घागर मांडीवर घेऊन.

बाबा परत आले तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. विचारलं, "हे काय आहे बाबा?" मला वाटलं होतं, काही तरी सारवासारव करतील. ते म्हणाले, "गांजा हाय." बस. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे, यासाठी जेलात टाकतात?" ते म्हणाले, "मालूम हाय." शिवरात्रीच्या जत्रेत एका बैराग्यानं त्यांना चिलमीतून निवडून टाकलेलं बी दिलं होतं. नागपूरच्या वॉर्डात कोणा पेशंटच्या भावानं सांगितलं होतं, की याचा तुरा दुधात उकळून पाजला तर दुखणं विसरायला होतं. मी म्हटलं, "आणि मायला बरं वाटेल का त्यानं?" ते म्हणाले, "बरी नाही होत. मले काय समजत नाही का? पन घडीभर ओरडनं थांबलं पायजे तिचं."

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नव्हती असं नाही. दिली होती, आणि त्या गोळीनं माय झोपायचीही. पण ती मिळायची फक्त नागपूरला, ठरावीकच मिळायची, आणि इकडे औषधाच्या दुकानात तिचं नाव काढलं की दुकानदार मान हलवायचा. गोळ्या संपल्या की पुढच्या खेपेपर्यंत माय तोंडात पदराचा बोळा धरून बसायची, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मला जायचं ऐकू. भिंत मातीचीच होती. मी वह्या तपासत बसायची आणि एकाच पोराची वही तीनदा तपासायची.

म्हणून मी गप्प बसले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. गप्प बसले एवढंच नाही. त्यानंतरच्या प्रत्येक खेपेला मी त्या सहाही नळ्या भरल्या. शाळा सुटल्यावर जायची, दार आतून लावायची, विहिरीचं पाणी काढायची आणि एकेका बादलीत ओतायची. बाबा जाताना सांगून जायचे, पण आता ओरडून नाही, कानाशी येऊन. "नळीत बोट घालून पाय. ओलं लागलं तर नोको देऊ. ऐकलं का?" मी हळूच म्हणायची, "ऐकलं." पंधरा वर्षं मोठ्यानं चाललेला हा प्रश्न आता आम्ही दोघं चोरासारखे कुजबुजत होतो.

झाडं मात्र काय वाढली. त्यांना ना ऊन कमी पडलं ना पाणी. माय खंगत चालली तसतशी ती भराभर वर चालली, आणि भादव्यात माझ्या डोक्याच्या वर गेली. वास यायला लागला तेव्हा बाबांनी वाडीत गोवऱ्यांचा धूर करायला सुरुवात केली आणि कोणी विचारलं तर मच्छरांसाठी म्हणून सांगायला मला शिकवलं, कारण त्यांना स्वतःला ते सांगता येत नव्हतं. तुरे धरले होते, पण बैराग्यानं सांगितलं होतं, दिवाळीशिवाय हात लावू नका, कच्चा कामाचा नाही. बाबा रोज सकाळी जाऊन तुरे बघायचे. धान पोटरीत आला की नाही हे ते ज्या तऱ्हेनं बघायचे, त्याच तऱ्हेनं. आतून माय विचारायची, तिचं तोंड आता पुरतं उघडत नव्हतं, "झालं का जी तुमचं औशिद?" बाबा म्हणायचे, "होऊन राहिलं. थोडं थांब." एकदा ती मला म्हणाली, "जलमभर दुसऱ्याचा धान पिकवला याहिनं. माह्यासाठी एक पीक लावलं, तेही येळेवर नाही येत." म्हणून हसायला गेली आणि कळ आली.

दसऱ्याच्या आधी तिला पुन्हा नागपूरला नेलं. यावेळी ती चालत गेली नाही. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. "माय गेली. गाडी करून आनून राहिलो. ऐकलं का?" मी ऐकलं म्हटलं आणि फोन ठेवला. तुरे अजून हिरवे होते. त्या सहा झाडांतलं एक पानही तिच्या तोंडात गेलं नव्हतं.

आता मी सांगते ते नीट सांगते. गाडी यायला तीन तास होते. चावी माझ्याकडे होती. मी मागच्या वाडीत गेले आणि एका झाडाच्या बुंध्याला हात घातला. सहा झाडं उपटायला कितीसा वेळ लागतो? पण उपटून टाकणार कुठे? विहिरीत? बाहेर नेलं तर गल्लीत माणसं जमायला लागली होती. हाताला तो चिकट वास लागला आणि मला एकदम माझं पगाराचं पत्रक आठवलं, शाळेतलं हजेरीपुस्तक आठवलं, शिक्षण खात्याचे साहेब आठवले. कोणी मला ती झाडं हातात घेतलेली पाहिलं तर? मी हात झटकला, साबणानं धुतला. शाळेच्या भांडारखोलीचं कुलूप माझ्या पिशवीत होतं, ते आणून वाडीच्या दाराला लावलं. कुलपावर पांढऱ्या रंगानं 'शाळा' असं लिहिलेलं होतं. पुढच्या अंगणात एक मोठा ड्रम होता, तो माझ्या घरून पाणी आणून काठोकाठ भरला. पायधुणीला एवढं पाणी पुरे, मागे जायची कोणाला गरज नाही, असा माझा हिशेब.

आमच्याकडे मसणातून आलेला माणूस आधी मयताच्या घरी येतो, हातपाय धुतो, लिंबाचा पाला दाताखाली धरतो, दिव्याला हात जोडतो, आणि मगच आपल्या घरी जातो. पाय धुतल्याशिवाय तो कोणाच्याही उंबऱ्यात पाऊल टाकत नाही, स्वतःच्याही नाही. मी चाळीस-पन्नास माणसं धरली होती. पण ज्याच्या ज्याच्या बांधीत बाबांनी आयुष्यभर पाणी सोडलं होतं तो प्रत्येक जण आला होता. हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापायला आलेला, तो तसाच टाकून माणसं आली होती. ड्रम अर्ध्यातच तळाला लागला. उरलेली माणसं राखेच्या पायांनी अंगणात, गल्लीत उभी. ऊन चढलेलं. मी घरून दोन बादल्या आणल्या, त्या दहा जणांत संपल्या.

बाबा ओसरीवर बसले होते. त्यांनी मान वर करून त्या उभ्या माणसांकडे पाहिलं. मग उठले आणि माझ्याजवळ आले. "चाबी दे." मी हळूच म्हटलं, "बाबा, मी आणते ना पाणी. दोन मिनिटं थांबा." ते म्हणाले, "लोकं पान्यासाठी उभे हायेत, मास्तरीन. चाबी दे." मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांना झाडं आठवत होती की नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. मी चावी दिली. त्यांनी कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर उभं राहून, तोंडाशी हात धरून, चार-पाच महिन्यांत पहिल्यांदा आपल्या जुन्या आवाजात आरोळी दिली. "पानी मागं हाय हो. मागं या. ऐकलं का?" आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं अख्खं अंगण एका तोंडानं म्हणालं, "ऐकलं."

माणसं ओळीनं आत आली. बाबा विहिरीतून पाणी काढून एकेकाच्या पायावर घालत होते. झाडं तिथेच उभी होती, पुरुषभर उंच, वाऱ्यानं हलत. लोकांनी पाय धुतले, झाडांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि खाली मान घालून गेले. पोलीस पाटलांनीही पाय धुतले. त्यांच्या पायावर तर बाबांनी दोन लोटे जास्त घातले, राख निघेना म्हणून. पाटील भला माणूस, तो कदाचित गप्प बसलाही असता. पण शंभर माणसांनी पाहिलेली गोष्ट गप्प राहत नाही, आणि कोणाच्या तरी खिशात फोन होता.

तिसऱ्या दिवशी बाबा राख सावडून आले तेव्हा पोलीस अंगणात बसलेले होते. पंचनामा झाला. झाडं उपटली, मोजली, बांधली. मी भिंतीशी उभी होते. जमादारानं बादल्या चहूबाजूंनी फिरवून पाहिल्या. बादल्यांवर शाळेच्या रंगाचे ओघळ होते. कुलूप हातात घेतलं, त्यावरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे तुमच्या शाळेचं का? तुम्हाला या झाडांची माहिती होती?" माझ्या तोंडून शब्द निघाला तो असा, "मला काही माहीत नव्हतं." अगदी स्वच्छ उच्चारात निघाला, वर्गात शिकवल्यासारखा.

जमादार बाबांकडे वळला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "बादल्या म्या शाळेमागून चोरल्या, साहेब. कुलूपही चोरलं. तिले कायी मालूम नाही." हे ते मोठ्यानं म्हणाले नाहीत. खाली बघून, ओठातल्या ओठात म्हणाले. जमादारानं लिहून घेतलं. बाबा थांबले नाहीत, ऐकलं का म्हणून विचारलंही नाही. ज्या माणसानं स्वतःच्या सुकत्या धानाला दुसऱ्याच्या पाळीतलं ओंजळभर पाणी घेतलं नाही, तो कागदावर चोर झाला, आणि ते कागद मी जवळून पाहिले.

दोन दिवसांनी मला ठाण्यात सहीसाठी बोलावलं. वऱ्हांड्यात भिंतीला लागून बादल्यांच्या सहा जोड्या ठेवल्या होत्या, चिठ्ठ्या चिकटवून. वरच्या बादल्यांत नुसती माती, झाडाच्या जागी खड्डा. मी सहज बोट लावलं तर माती ओली होती. मायच्या लुगड्याची चिंधी अजून खालून पाणी ओढत होती. मी सही केली आणि दुपारच्या एस.टी.नं परत येऊन पाचवीचा तास घेतला.

बाबा भंडाऱ्याच्या जेलात होते तोवर मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा ठरवून गेले होते, की आता खरं सांगते, पोलिसांना लिहून देते. पहिल्या वेळी बाबांनी एवढंच विचारलं, "तुळस हाय का?" तुळस पोलिसांनी नेली नव्हती. मी नळी भरत होते. दुसऱ्या वेळी मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "राहू दे. तू इथं आली तं शाळेतल्या झाडाईले पानी कोन देईन?" मी घरी येऊन रडले आणि मला मनातून हायसंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

जामिनावर सुटून आले तेव्हा गावात पाणी सोडायला दुसरा माणूस लागला होता. तो फोनवर निरोप देतो, सोयीचं आहे. बाबांना कोणी वाईट बोललं नाही. लोक भाजी आणून द्यायचे, मी भाकर द्यायची. पण त्यांची आरोळी परत आली नाही. आंघोळीला मुकाट जायचे. मी भिंतीपलीकडून कान देऊन बसायची, आता म्हणतील, आता विचारतील. एकदा न राहवून मीच ओरडले, "बाबा, आंघोळीला चालले का? ऐकलं मी." पलीकडून फक्त पाण्याचा आवाज आला.

केस उभी राहायच्या आधीच, पुढच्या उन्हाळ्यात, ते गेले. दुपारी तुळशीजवळ बसले होते, तिथेच गेले. त्या दिवशी मी पुढच्या अंगणात चार ड्रम भरून ठेवले. माणसं मायच्या वेळेहून कमी आली, निम्मीच म्हणा. सगळ्यांचे पाय धुऊन झाले तरी दोन ड्रम भरलेलेच होते. ते पाणी मी संध्याकाळी शाळेतल्या झाडांना घातलं, मुळाशी, खालून.

गेल्या महिन्यात मी सेवेतून निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला, शाल मिळाली, माझ्या प्रामाणिकपणावर दोन भाषणं झाली. पेन्शनचे कागद हातात पडले आणि मग मी हे लिहायला बसले. त्याआधी नाही. हेही सांगूनच टाकते.

त्या बादल्या मी दिल्या होत्या. नळ्या मी भरल्या. कुलूप माझं होतं. पाणकर बाबांनी काहीही चोरलं नाही. मला सगळं माहीत होतं.

ऐकलं का?